माझ्या चाकाला परका पाना

हवेवर चालणारी ती पान्याची बंदूक ज्या कुणी शोधून काढली, तो माणूस मला एकदा भेटायला हवा. मी त्याला मारणार नाही. मी पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक आहे आणि हात उचलणं माझ्या सेवाशर्तीत बसत नाही. मी त्याला फक्त माझ्या गाडीच्या पुढच्या चाकाजवळ उकिडवं बसवीन, चार नटांच्या भोवती पडलेले ओरखडे दाखवीन आणि विचारीन, "हे काय आहे?" उत्तर मिळेपर्यंत त्याला उठू देणार नाही. पाय आखडले तरी नाही.

गाडी कशी घेतली ते सांगत बसत नाही. ती हकिकत वेगळी आहे आणि तिच्यातही मला भरपूर राग आलेला आहे. एवढंच लक्षात ठेवा की गाडीला अलॉयची चाकं आहेत. लोखंडी चाकावर प्लास्टिकची थाळी ठोकतात तसली नव्हेत, चांगली चंदेरी, पाकळ्यापाकळ्यांची. महेश्वरीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्या गाडीतली फक्त चाकंच पसंत केली होती. त्यामुळं दर रविवारी मी ती चाकं दात घासायच्या जुन्या ब्रशनं धुतो. आमच्या नळदुर्गात हे बघायला लोक थांबतात. थांबू देत, रस्ता सरकारी आहे.

तर पुढच्या चाकात खिळा गेला आणि मी हायवेवरच्या महालिंगप्पाच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक कॉम्प्रेसर, ट्यूब बुडवून बुडबुडे बघायला अर्धं कापलेलं पिंप आणि एक बाकडं. त्या बाकड्यावर हैदराबादकडं जाणारे ट्रकवाले चहा पीत बसलेले असतात आणि त्यांना दुसऱ्याच्या भांडणाइतकं काहीच आवडत नाही. महालिंगप्पानं बंदूक उचलली आणि तिच्या तोंडाला एक जाडजूड काळी गोटी लावली. गोटी म्हणजे नटावर टोपीसारखी बसणारी लोखंडी नळी. अलॉयच्या चाकात नट खोल आणि अरुंद खड्ड्यात असतो. गोटी जाड, खड्डा अरुंद. मी "सावकाश" म्हणेपर्यंत चारी नट बाहेर आले होते आणि चारी खड्ड्यांच्या कडांचा रंगही बाहेर आला होता.

"हे काय केलंस?" मी विचारलं.

"पंक्चर काढायलोय की."

"चाक खरवडलंस."

त्यानं वाकून पाहिलं. अगदी प्रामाणिकपणे पाहिलं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. "सायेब," तो म्हणाला, "चाक फिरायला लागल्यावर कुणाला दिसतंय?"

बाकड्यावरचे सगळे हसले. एकाच्या नाकातून चहा आला. तिथं माझं पित्त खवळलं आणि मी भर हायवेवर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "महालिंगप्पा, आजपासून माझ्या गाडीचं चाक मी स्वतः काढणार. माझ्या चाकाला परका पाना लागला तर तुझ्या या पिंपासमोर बसून मी दिवसभर ट्यूबा बुडवीन."

"बसा की," तो म्हणाला. "पोतं टाकून ठेवतो."

मी घरी पोचायच्या आधी ही शपथ घरी पोचली होती. माझी आई शांताक्का, जिला आम्ही अव्वा म्हणतो, दारातच बसली होती. "गौरी," ती म्हणाली (गौरी म्हणजे मी, माझं पूर्ण नाव फक्त कार्यालयात चालतं), "ट्यूबा बुडवायच्या आदी सदरा बदल बा. मळतंय." माणूस एखादी गोष्ट मनापासून ठरवतो आणि घरचे सदऱ्याचं बोलतात.

आता कामाला लागणं भाग होतं. गाडीबरोबर जो पाना येतो तो म्हणजे एक वाकवलेली सळई. ती नटावर बसते, पण बसल्यावर स्थिर राहत नाही आणि घसरली की थेट पाकळीवर जाऊन आपटते. मी कार्यालयातल्या फावल्या वेळात, जो भरपूर असतो, या विषयाचा अभ्यास केला. गोटीचा काठ पातळ पाहिजे, म्हणजे ती खड्ड्यात शिरते. आतून सहा कोनांची पाहिजे, म्हणजे नटाच्या सहाही बाजू सपाट धरते आणि कोपरे खात नाही. बाहेरून प्लास्टिकचं कवच पाहिजे, म्हणजे लोखंड चाकाला लागतच नाही. या तीन साध्या गोष्टी आहेत. या तीन गोष्टी एका ठिकाणी मिळाव्यात यासाठी माझ्या आयुष्याचे किती दिवस गेले ते मी सांगणार नाही, कारण ते वाचून तुम्हाला माझी कीव येईल आणि मला ती नको आहे.

बाजारपेठेत हार्डवेअरचं दुकान वीरभद्रचं. तो माझा वर्गमित्र आहे आणि शाळेत असल्यापासून माझं पूर्ण ऐकून घेत नाही. मी त्याला तिन्ही अटी सांगितल्या.

"कवच कशाला?" तो म्हणाला. "गोटीला थंडी वाजायलीय का?"

"चाकाला लागू नये म्हणून."

"लोखंड लोखंडाला लागनार न्हाय तर कुणाला लागनार?" असं म्हणून त्यानं एक गोटी समोर ठेवली. ती आतून बारा कोनांची होती. मी म्हणालो की मला सहा पाहिजेत. तो म्हणाला, "बारा म्हंजे सहाच्या डबल. जास्तच मिळायलंय की तुला. घेऊन जा."

मी घेऊन आलो. वर्गमित्राच्या दुकानातून रिकाम्या हातानं निघता येत नाही, ही आपल्याकडची एक मोठी अडचण आहे. घरी येऊन ती गोटी मागच्या उजव्या चाकाच्या खड्ड्यात घालून बघितली. अर्धी गेली आणि अडकली. काढताना कर्रकन आवाज झाला. तो ओरखडा मी धरत नाही, कारण तो तपासणीच्या ओघात झाला.

एव्हाना गल्लीत सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला होता. कुणी म्हणालं गोटीवर सायकलची ट्यूब चढवा. कुणी म्हणालं खोबरेल लावा. समोरच्या घरातले बिरूमामा रोज संध्याकाळी येऊन चाकासमोर मांडी घालून बसायला लागले. बिरूमामांची सगळी उमर ट्रकावर गेली. आता ते घरी असतात, पण हात अजून स्टेअरिंग धरल्यासारखे गुडघ्यांवर ठेवून बसतात. त्यांचा सल्ला असा होता की गोटीला पायमोजा घालावा. मी घातला. पायमोज्यासकट गोटी खड्ड्यात जात नाही आणि पायमोज्याशिवाय जाते ती रंग काढत जाते. "मग चाकच मोठं घ्यायचं हुतं," बिरूमामा म्हणाले. "ट्रकाचं बघा. वरखडा पडला तरी म्हाईत व्हत न्हाय." ट्रकाची चाकं माझ्या गाडीला बसवायची सोय असती तर मी त्यांच्या अंगावरून एकदा गाडी नेली असती, पण ते वयानं मोठे आहेत.

शेवटी मी गोटी मोबाईलवरून मागवली. तिथं ती चित्रात दिसत होती. पातळ काठ, आतून सहा कोन, वरून निळं कवच. पत्ता भरताना मी जिल्हा धाराशिव लिहिला, जसा तो आता आहे. कंपनीच्या यादीत पिनकोडापुढं जुनं नाव होतं. तेवढ्यावरून त्यांच्या यंत्राला वाटलं की पार्सल एका जिल्ह्यातलं आणि पिनकोड दुसऱ्या जिल्ह्यातला, आणि त्यानं ते सोलापूरला अडवून ठेवलं. मी फोन लावला. आधी गाणं वाजलं, मग एका बाईनं सांगितलं की माझा कॉल त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे, मग परत गाणं वाजलं. बऱ्याच गाण्यांनंतर एक माणूस आला.

"सर, आपला जिल्हा जुळत नाही."

"जिल्हा एकच आहे. नाव बदललंय."

"मग सर, आपण ज्या जिल्ह्यात राहता त्या जिल्ह्याचा पत्ता द्या."

मी स्वतः लोकांना पुढच्या आठवड्यात या म्हणून आयुष्यभर सांगत आलो आहे. पण मी ते तोंडावर सांगतो, आणि मध्ये गाणं लावत नाही. त्या माणसानं तक्रार नोंदवून घेतली, आणि माझं पार्सल सोलापूरहून निघालं. निघालं ते नळदुर्गला न थांबता उमरग्याला गेलं, तिथून परत सोलापूरला गेलं, परत उमरग्याला आलं. हे सगळं मोबाईलवर दिसत होतं. म्हणजे माझ्या घरामागच्या हायवेवरून माझी गोटी येत होती आणि जात होती, आणि मी गच्चीवर उभा राहून तिच्या गाड्या बघत होतो. इतका संताप मला बढतीत डावललं तेव्हाही आला नव्हता.

पण अखेर ती आली. डब्बा उघडला आणि मी आधी हात धुऊन आलो. निळी, गुळगुळीत, नटावर ठेवली की आपोआप बसणारी. खड्ड्यात घातली, चारी बाजूंना जागा उरली. बाहेर काढली, कुठं काही नाही. अव्वानं ती हातात घेतली, उलटी सुलटी केली आणि देवघरातली विभूती आणून तिच्यावर तीन पट्टे ओढले. "एवडुशा नळीसाठी एवडं भांडलास," ती म्हणाली, "आता हिच्याकडनं काम करून घे." महेश्वरी म्हणाली की लग्नात मी तिच्याकडंही इतकं डोळे भरून बघितल्याचं तिला आठवत नाही. ही तक्रार होती की कौतुक ते मी विचारलं नाही.

आता फक्त चाक पंक्चर व्हायचं बाकी होतं. मी खोटं बोलत नाही, मी वाट बघत होतो.

आणि ते झालं अव्वाच्या माहेरच्या लग्नादिवशी. अव्वाचं माहेर कर्नाटकातलं आळंद. तिचा एकुलता भाऊ कोरोनात सगळं बंद होतं त्या वर्षी गेला आणि सरहद्दीवर नाका बसवला होता म्हणून तिला जाता आलं नाही. शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही. त्याच्याच नातीचं लग्न. त्या पिढीतलं माणूस म्हणून आता एकटी अव्वा उरलेली, आणि पहिल्या अक्षता तिनं टाकायच्या असं तिकडच्यांनी ठरवलं होतं. महिनाभर ती इरकल नेसून बघत होती आणि परत घडी घालून ठेवत होती. दुपारच्या अक्षता होत्या. सकाळीच आम्ही निघालो. अव्वा उंबरा ओलांडून, देवाचं नाव घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसली, अक्षतांची पुडी हातात घट्ट धरून. मी गाडीला फेरी मारली तर मागचं डावं चाक जमिनीला टेकलेलं.

कबूल करतो, मला आनंद झाला. इतका की मी शिट्टी वाजवली.

"हवा भरू आणि तेवढं महालिंगप्पाकडं जाऊ," महेश्वरी म्हणाली. "तो लगेच काढून देईल."

मी निळी गोटी खिशातून काढली. अव्वाला म्हणालो, "अव्वा, जरा खाली उतर."

"न्हाय," अव्वा म्हणाली. "उंबऱ्याभाईर पाऊल टाकलंय. आता भुईला पाय लावीन तो आळंदच्या मांडवात. मधी उतरून परत घरात गेलं की काम मोडतंय."

"घरात जाऊ नको. नुसती ओट्यावर बस."

"वटा घराचाच की."

हिच्यापुढं आमचे कार्यकारी अभियंतासुद्धा टिकले नसते. मी म्हणालो, बस. नट आधी जमिनीवरच सैल करायचे असतात, जॅक नंतर लावायचा, एवढं मला अभ्यासातून कळलं होतं. मी गोटीला दांडा लावला, नटावर बसवली आणि जोर लावणार इतक्यात मागून आवाज आला.

"थांबा, थांबा. कुठली बाजू?"

बिरूमामा चहाचा कप घेऊन आले होते.

"डावी," मी म्हणालो.

"मग उलटा फिरवा."

"म्हणजे?"

त्यांनी कप खाली ठेवला. "सायेब, डाव्या अंगाचं नट उलटं असत्यात. गाडी फुडं पळती तसं चाक फिरतं, सरळ आट्याचं नट सैल व्हत्यात. म्हनून डावीकडं उलटं आटं. म्या जिंदगी घालवली ह्यात. सरळ फिरवाल तर आवळल."

मला ते पटलं. पटायचं कारण असं की नळदुर्ग गाव सगळं ट्रकांच्या वाऱ्यावर वाढलंय. इथं डाव्या चाकाचा नट उलटा असतो हे लहानपणापासून सगळ्यांना माहीत असतं. कडेला उभ्या असलेल्या दूधवाल्यानं मान डोलावली. त्याच्यामागं उभ्या असलेल्या दोघांनीही डोलावली. एवढ्या माना एका बाजूला डोलत असताना शंका कोण घेणार?

"लहान गाडीला पण तसंच असतं का?" महेश्वरीनं विचारलं.

मी आणि बिरूमामा, आयुष्यात पहिल्यांदाच, एका सुरात म्हणालो, "चाक म्हणजे चाक."

मी उलटा जोर लावला. नट हलला नाही. पायानं दाबलं, हलला नाही. बिरूमामा घरी जाऊन बोअरचा जुना पाइप घेऊन आले आणि तो दांड्यावर चढवला. आता दांडा पुरुषभर लांब झाला. मी त्याच्यावर उभा राहिलो आणि उड्या मारायला लागलो. गाडी डुलत होती आणि आतून अव्वाचा आवाज येत होता, "अरं, लग्नाला न्यायलास का घुसळायलास?"

कट्ट असा आवाज झाला आणि मी खाली बसलो. म्हणजे पडलो. पण नट गोटीसकट बाहेर आला होता.

"निघाला," बिरूमामा म्हणाले. "म्या काय म्हनलो?"

मी आधी चाक बघितलं. एक ओरखडा नाही. खड्ड्याच्या कडेला केसाएवढी रेघ नाही. माझा ऊर भरून आला. महेश्वरीनं नट उचलून आत डोकावलं. "ह्यात काहीतरी अडकलंय," ती म्हणाली.

"गंज आसंल," बिरूमामा म्हणाले.

"नव्या गाडीला?"

"हवामान."

दुसरा नट घेतला. पाइप, उड्या, कट्ट. दुसराही निघाला. दूधवाला खूश झाला. या वेळी मी पडलो नाही, मला अंदाज आला होता. तिसऱ्याला हात घातला आणि त्याला चांगला अर्धा फेरा उलटा आवळून, म्हणजे आम्ही समजत होतो की सोडवून, पाइपवर चढणार, तेवढ्यात मागच्या काचेतून अव्वाचा हात बाहेर आला.

"ती नटं हिकडं आन."

मी दिले. तिनं ते दोन्ही तळहातावर घेतले आणि उन्हात धरले. मग चाकाकडं बघितलं. "गौरी, नटात बसायचा खिळा चाकात असतोय न्हवं? मग तो तुकडा ह्येच्यात कसा आला?"

दूधवाल्याची मान डोलायची थांबली.

"लोणच्याची बरणी उजव्या फडताळात ठेवली काय न् डाव्या फडताळात ठेवली काय," अव्वा म्हणाली, "झाकन एकाच अंगाला उघडतंय की."

"ट्रकाचं तसं नसतंय, आक्का," बिरूमामा हळू आवाजात म्हणाले.

"हा ट्रक हाय का?"

मी खाली वाकून बघितलं. दोन बोल्ट मुळापासून मोडले होते. आम्ही ते सोडवले नव्हते, पिळून पिळून तोडले होते. तिसरा त्याच वाटेवर होता. मी गोटी सरळ बाजूला लावली, पाइप लावला, चढलो, उड्या मारल्या. आता तो कुठल्याच बाजूला हलेना. गोटीनं मात्र आपलं काम चोख केलं. चाकाला न खरवडता चाकाचा सत्यानाश कसा करावा, याचं इतकं स्वच्छ उदाहरण सगळ्या जिल्ह्यात सापडणार नाही.

कुणाचा राग करू आणि कुणाचा नको असं मला झालं. बिरूमामांचा आला, दूधवाल्याच्या मानेचा आला, ट्रक बनवणाऱ्यांचा आला. जीपवाल्याला फोन केला, लग्नसराई असल्यानं त्याची जीप आधीच वऱ्हाडात गेलेली. दुसऱ्याला केला, त्याची पण. एसटीचं नाव काढलं तर अव्वा म्हणाली, "स्टँडपोतर कशी जाऊ? उडून?" अक्षतांची पुडी तिनं मांडीवर ठेवली आणि पदराच्या टोकानं तोंड पुसलं.

"भावाला बघायला मिळालं न्हाय," ती म्हणाली. "तवा नाका हुता. आता काय हाय रे मधी? तुजं चाक."

मी मोबाईल काढला आणि महालिंगप्पाला फोन लावला. तो लागायच्या आधी मी किती वेळा कापला ते फक्त महेश्वरीनं पाहिलं, आणि तिनं ते कुणाला सांगितलेलं नाही, याबद्दल मी तिचा आभारी आहे.

महालिंगप्पा आपला टेम्पो घेऊन आला. तो हसला असता तर मी त्याला काहीतरी बोललो असतो. तो हसला नाही. चाकाभोवती फिरला, मोडके बोल्ट बघितले, पाइप बघितला, बिरूमामांकडं बघितलं, आणि मग निळी गोटी उचलून म्हणाला, "चांगली हाय."

"बंदूक आणलीस का?" मी विचारलं. हे तीन शब्द बोलायला मला फार जड गेले.

"आणली न्हाय. दोन बोल्टावर आळंदला नेनार का आक्काला? आन् नेत असलात तरी मी तुमच्या चाकाला पाना लावनार न्हाय. शपथ घेतलाय तुमी. सगळ्या हायवेनं आयकलंय."

"मग आलास कशाला?"

"आक्काला टेम्पोतनं सोडतो. माझी सासुरवाडी तिकडचीच हाय." तो म्हणाला. "फकस्त दुकान उघडं टाकून आलोय. कामाचा माणूस पन लग्नाला गेलाय. लग्नसराईत दुकान बंद ठेवता येत न्हाय. तेवडं तुमी बघा."

माझ्या चाकाला परका पाना लागला नव्हता. शपथ अक्षर न अक्षर शाबूत होती. आणि तरी मी पिंपासमोर बसणार होतो. कुठल्याही नियमात न बसणारी शिक्षा झाली तर निदान अपील तरी करता येतं. इथं अपील कुणाकडं करणार? काचेतून अव्वा माझ्याकडं बघत होती.

"बघतो," मी म्हणालो.

आता अव्वाला गाडीतून टेम्पोत न्यायचं होतं, आणि भुईला पाय लागू न देता. टेम्पो गाडीला चिकटवून उभा केला. बिरूमामांच्या घरचं बाकडं मधे ठेवलं, त्याच्यावर आमचे दोन पाट ठेवले. दूधवाल्यानं एक हात धरला, मी दुसरा. अव्वा एका दारातून निघाली, बाकड्यावरून दोन पावलं चालली आणि टेम्पोत पुढच्या सीटवर जाऊन बसली. मंत्र्याला व्यासपीठावर नेतात त्याच्यापेक्षा जास्त काळजीनं आम्ही हे केलं. महेश्वरी आहेराची पिशवी घेऊन तिच्याशेजारी बसली. आणि मागं, टेम्पोच्या उघड्या हौद्यात, बिरूमामा चढून बसले.

"मामा, तुम्ही कुठं?"

"आळंदला आमचा बी येक जुना डायवर असतो. गाठ घेऊन येतो." ते माझ्याकडं न बघता म्हणाले.

टेम्पो गेला. गल्लीत मी, तीन पायांवर उभी असल्यासारखी माझी गाडी आणि तो पाइप उरलो.

दुकानात पिंपासमोर पोतं होतं. नुसतं टाकलेलं नव्हतं, चौघडी घालून नीट ठेवलेलं होतं, आणि ते तसं कधीपासून ठेवलेलं होतं हे त्याच्यावरच्या धुळीवरून कळत होतं. मी बसलो. बाकड्यावर चहा पिणारे होतेच. त्यांनी काही विचारलं नाही, कारण त्यांना सगळं माहीत होतं. पहिली ट्यूब मोटारसायकलची होती. पाण्यात बुडवून बुडबुडे बघताना मला कुणाचा तरी गळा दाबल्यासारखं बरं वाटलं, हे खरं आहे. आमच्या खात्याची जीप हायवेवरून सोलापूरकडं गेली. गेली, पुढं जाऊन थांबली आणि खात्री करून घ्यायला मागं आली. साहेबांनी काच खाली केली. मी ट्यूब वर धरून नमस्कार केला. साहेबांनी काच वर केली.

दुपार उलटल्यावर मोबाईल वाजला. हात पुसून बघितलं तर महेश्वरीनं फोटो पाठवला होता. मांडव होता. नवरीच्या डोक्यावर अव्वाचा हात होता, आणि अव्वा हसत होती. भाऊ गेल्यापासून तिला मी असं तोंड भरून हसताना बघितलं नव्हतं. मी तो फोटो बराच वेळ बघत बसलो आणि बाकड्यावरच्यांनीही थोडा वेळ माझं तोंड बघायचं सोडून दिलं. मग माझं लक्ष अव्वाच्या शेजारी गेलं. तिथं गुलाबी फेटा बांधून, गळ्यात उपरणं, हातात नारळ घेऊन महालिंगप्पा उभा होता. तो फेटा माझा होता. अव्वाच्या लेकाचा मान म्हणून आहेरात ठरलेला, महिनाभर आधी विचारून रंग पसंत केलेला. त्याच्यामागं बिरूमामा पंगतीत वाकून काहीतरी जेवत होते.

मी मोबाईल खिशात ठेवला. खिशात निळी गोटी होती, ती बोटाला लागली.

तेवढ्यात एक पांढरी गाडी येऊन थांबली. एक तरुण उतरला, काळा चष्मा लावलेला. मागचं डावं चाक बसलेलं. चाकं अलॉयची, माझ्यापेक्षा भारी, काळ्या-चंदेरी रंगाची.

"काका," तो म्हणाला, "जरा जपून हं. अलॉय आहे."

मी निळी गोटी काढली. ती त्याच्या नटाला लहान पडली. तिच्या जागी बसेल अशी एकच गोटी त्या दुकानात होती, ती जाडजूड काळी. मी ती बंदुकीला लावली. चाक डावं होतं, पण बटण कुठल्या बाजूला करायचं ते मला आता माहीत होतं. घर्र, घर्र, घर्र. तो "सावकाश" म्हणेपर्यंत सगळे नट बाहेर आले होते.

"काका, हे काय केलंत? चाक खरवडलंत."

मी वाकून बघितलं. अगदी प्रामाणिकपणे बघितलं. मग उठलो आणि दिवसभराचा सगळा राग गोळा करून, शांतपणे म्हणालो, "चाक फिरायला लागल्यावर कुणाला दिसतंय?"

बाकड्यावरचे हसले. तो पोरगा लाल झाला. चष्मा काढून, भर हायवेवर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आजपासून माझ्या गाडीचं चाक मी स्वतः काढणार. पुन्हा या दुकानात पाय ठेवला तर..."

त्यानं पुढं काय शपथ घेतली ती मी ऐकली नाही. मी पिंपासमोर जाऊन बसलो, आणि पोत्यावर थोडा सरकून त्याच्यापुरती जागा करून ठेवली.